सत्तावीस क्रमांकाची बाई

सगळा वर्ग हसला तेव्हा एव्हिसही हसली. नंतर कित्येक दिवस तिला वाटत राहिलं, की निदान तेवढं हसणं परत घेता यावं. मंगळवारी सकाळचा तास होता, 'श्रम आणि स्थलांतर' या विषयाचा. प्राध्यापक थिसल यांनी त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही. सोळा वर्षांपूर्वी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉडची मासेमारी सरकारने बंद केली आणि गावोगावचे मासळीचे कारखाने एकाएकी थंड पडले, तेव्हा ते संशोधक विद्यार्थी होते. खांद्यावर ध्वनिमुद्रण यंत्र लटकवून ते तिथे दारोदार फिरले होते. त्यातली एक मुलाखत त्यांनी लावली. "यातला पुरुषाचा आवाज माझा. तेव्हा मला केस होते," ते म्हणाले. "बाईचं नाव सांगता येणार नाही. तिचा क्रमांक सत्तावीस." खरखर झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि तरुण थिसलने विचारलं, "कारखाना बंद झाल्यापासून दिवस कसा जातो?" बाई म्हणाली, "दिवस? दिवस कुठे जातोय, तोही इथेच बसलाय, सरकारी भत्ता घेऊन!" वर्ग हसला. थोडा विनोदाला, पण जास्त त्या बोलीला. नको तिथे 'ह' लावणारी, हवा तिथे गाळणारी, शेवटाला शब्द ओढत नेणारी ती बोली. एव्हिस हसली, आणि नेमकं त्याच वेळी फितीतली बाईही स्वतःच्याच विनोदाला हसली. आधी नाकात अडकलेलं आणि मग एकदम मोकळं सुटलेलं हसू. दोन्ही हसणी एकाच उतारावरून घसरत आली. एव्हिसचं हसू जागच्या जागी थांबलं, फितीतलं पुढे चालू राहिलं.

शेजारी बसलेली तामसिन तिच्या कानाशी म्हणाली, "काय गोड बोलते ना! अगदी समुद्री चाच्यासारखी. तू पण तिकडचीच ना गं? मग तू का नाही अशी बोलत?"

"मी शहरातली आहे," एव्हिस म्हणाली. ते खोटं होतं. ती गनेट कोव्हची होती. तिथे दीडशे माणसं, एक चर्च आणि बंद कारखाना. टोरांटोत आल्यावर पहिल्या सत्रात, वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत, यंत्रं घरघरत असताना ती 'ह' म्हणायला शिकली होती. हवा, हात, होय. कोणी आत आलं की गप्प बसायची.

पुढे थिसलसरांनी फीत थांबवून विचारलं, "ही बाई गाव सोडून का गेली नाही?" हात वर झाले. कोणी म्हणालं भूमीशी नातं, कोणी म्हणालं कौशल्याचा अभाव. तामसिन म्हणाली, सांस्कृतिक भांडवल नसल्यामुळे तिला जाण्याची कल्पनाच करता येत नसणार. सगळे शब्द एव्हिसलाही येत होते, तिच्या निबंधांना त्याच शब्दांवर चांगले गुण मिळत. पण या वेळी ते तिच्या अंगावरून नुसते वाहून गेले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. हे हसू माझंच आहे, म्हणजे ही माझी आई आहे.

आई गेली तेव्हा एव्हिस चार वर्षांची होती. आईचं तिच्याजवळ फार थोडं शिल्लक होतं. पिवळ्या रेनकोटची एक बाही, त्या बाहीच्या आतला ओलसर उबारा, आणि कारखान्यातून आल्यावर हातांना येणारा ब्लीचचा वास. मावशीच्या घरातल्या कपाटात कोणाच्या तरी लग्नाची एक चित्रफीत होती, तिच्यात आई नाचते, हसते, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. पण त्या फितीला आवाज नव्हता. लहानपणी एव्हिस पडद्याला नाक लावून आईचे ओठ वाचायला बघायची. 'बघू नको' की 'पकडू नको' की आणखी काही. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, "कोरा हसली की वाऱ्याची दिशा बदलायची." म्हणजे कसं हसली? ते कोणाला करून दाखवता येत नव्हतं. वडील आल्बर्टात तेलाच्या कामाला गेले ते तिकडेच राहिले, दुसरा संसार थाटून. त्यांना विचारण्यासारखं काही नव्हतं. आणि एफी मावशीला विचारलं की ती म्हणायची, "हसायची. चांगली हसायची. जेव आता."

मावशी अशीच बोलायची. चार शब्दांत वाक्य संपवायची. आईच्या मागे तिनेच एव्हिसला वाढवलं. खेकड्यांच्या कारखान्यात ती पंधरा हंगाम उभी राहिली आणि आता वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. दर रविवारी दुपारी तिचा फोन येई. "बरी आहेस? जेवलीस? या आठवड्यात काय वाचलंस?" शेवटचा प्रश्न ठरलेला. सुरुवातीला एव्हिस सांगायची, मग सांगणं लांबायचं, पलीकडून नुसतं "हं" यायचं, मग खोकला. दुसऱ्या वर्षापासून ती म्हणू लागली, "तुला नाही कळायचं गं मावशी." मावशी म्हणायची, "बरं." फोन ठेवल्यावर एव्हिसला वाटायचं, आई असती तर तिने विचारलं असतं, समजून घेतलं असतं. आईबद्दल असं काहीही मानायला ती मोकळी होती. आई कधी विरोध करायला आली नव्हती.

तो आठवडा ती त्या आवाजाबरोबर राहिली. ट्रामच्या खिडकीशी बसलेली असताना, ग्रंथालयाच्या सरकत्या जिन्यावर, भोजनगृहाच्या रांगेत हातात ताट धरून. 'तोही इथेच बसलाय.' एवढंच वाक्य आणि ते हसू. वापरून वापरून ते झिजेल अशी तिला भीती वाटायची, म्हणून ती मध्येच मुद्दाम दुसऱ्या कशाचा तरी विचार करायची आणि मग हळूच परत यायची. रस्त्यावर मेपलची पानं पडत होती. वसतिगृहाच्या खोलीत रेडिएटर टकटक वाजायला लागला होता. तिला पुढचं ऐकायचं होतं. आईने माझं नाव घेतलं असेल का? त्या घरात, त्या खुर्चीजवळ, जमिनीवर मी खेळत असेन का? फितीत कुठेतरी लाकडी चमचा आपटल्याचा आवाज असेल आणि तो मी असेन.

गुरुवारी ती थिसलसरांच्या खोलीत गेली. खोलीत पुस्तकं जमिनीवरही होती. त्यांनी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून तिला जागा करून दिली.

"सर, ती सत्तावीस क्रमांकाची बाई. ती गनेट कोव्हची आहे का?"

थिसलसरांनी चष्मा काढला. "का विचारतेस?"

"मी तिथली आहे."

बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले. कोणाशी तरी चेहरा जुळतो का ते शोधत असावेत. मग म्हणाले, "मला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. मी त्या लोकांना शब्द दिलाय. पण या विषयाच्या विद्यार्थ्यांना निबंधासाठी पूर्ण मुलाखती ऐकता येतात. संग्रहात जा. आधी या कागदावर सही करावी लागेल, की मी कोणाचीही ओळख शोधणार नाही." मग म्हणाले, "विचार करून सही कर."

तिने विचार केला नाही. कागद वाचलाही नाही. संग्रह तळघरात होता. तिथल्या बाईने तिचं दप्तर बाहेर ठेवून घेतलं, पेन्सिल दिली आणि कानांवर लावायचे जाड, काळे गोळे दिले. एकेचाळीस मिनिटांची मुलाखत होती. एव्हिसने डोळे मिटले.

आवाज आता भर वर्गात नव्हता, तिच्या डोक्याच्या आत होता. फितीतली बाई भरभर बोलत होती, एका दमात तीन-तीन वाक्यं. थिसलला केक वाढत होती, "खा हो, लाजता कसले, तुमच्या टोरांटोत साखर मिळत नाही की काय!" कारखान्यातल्या मुकादमाची नक्कल करत होती. पहिल्या दिवशी सुरीने हात कापला तर तो म्हणाला, रक्त माशावर नको सांडू, मासा विकायचाय! एव्हिसला रडू येत होतं आणि ती हसतही होती. पंचवीस मिनिटं तिला आई होती. नंतर थिसलने विचारलं, "इथून जायचा विचार कधी केला नाही?"

"केला ना. पत्र आलंय माझं. सेंट जॉन्सहून, विद्यापीठाचं. सप्टेंबरात बोलावलंय."

"अरे वा! मग?"

"मग काय! बहीण अंथरुणाला खिळलीय, तिचा नवरा आल्बर्टात. आणि तिची पोर चार वर्षांची. तिला कोण बघणार, सीगल पक्षी?"

एव्हिसने डोळे उघडले. समोर टेबलावर पेन्सिल होती. तिने ती उचलली आणि परत ठेवली. आवाज पुढे बोलतच होता, पण तो आता आईचा राहिला नव्हता. जणू कोणी मागून खांद्यावर हात ठेवावा, वळून बघावं, आणि रोजचंच माणूस निघावं. एफी मावशी तेव्हा पंचवीस वर्षांची असणार. मावशी पंचवीस वर्षांची होती, ही गोष्ट एव्हिसच्या मनात कधी आलीच नव्हती. तिला आठवत होती ती खरखरीत गळ्याची, जिन्याच्या मध्यावर थांबणारी बाई. खेकडे उकळताना उठणारी वाफ वर्षानुवर्षं छातीत जाते, दमा होतो. गावात निम्म्या बायकांना होता. एव्हिसला हे माहीत होतं. तिने त्यावर पहिल्या वर्षी निबंधही लिहिला होता, तक्त्यांसकट. पण मावशीची वाक्यं आखूड का, हे तिने त्या तक्त्यांशी कधी जोडलं नव्हतं. तिला तो कोरडेपणा वाटला होता. मावशीला श्वास पुरत नव्हता, इतकंच.

फितीत कपबशी वाजली. मग तोच आवाज, पण हळू.

"खरं सांगू? कधी कधी त्या पोरीकडे बघते आणि मनात येतं, ही नसती तर बरं झालं असतं. कोराचं काय, ती आज ना उद्या सुटेल. पण ही राहील. माझ्या पायात राहील." श्वास. "देवा. हे खोडा हं. हे काढून टाका तुमच्या यंत्रातून."

"काढतो," तरुण थिसल म्हणाला.

"शप्पथ?"

"शप्पथ."

आणि त्यानंतर बाई उठून खिडकी लावायला गेल्याचा आवाज, आणि कोणी तरी लहान मूल, खूप लांबून, काहीतरी मागत होतं.

एव्हिसने शेवटपर्यंत ऐकलं. कानांवरचे गोळे काढून ठेवले तेव्हा तळघरातल्या पंख्याची घरघर एकदम मोठी झाली. संग्रहातल्या बाईने दप्तर परत दिलं आणि विचारलं, "मिळालं हवं ते?" एव्हिस "हो" म्हणाली. बाहेर ऊन होतं. मुलं गवतावर पालथी पडून वाचत होती. ती एका दगडी कठड्यावर बसली. आपल्याला राग यायला हवा असं तिला वाटत होतं आणि ती त्याची वाट बघत होती. राग आला नाही. आली ती एक विचित्र ओढ. त्या पंचवीस वर्षांच्या मुलीला गाठावं, तिच्या पायातली ती पोर उचलून घ्यावी आणि म्हणावं, जा तू, मी बघते हिला. आईसाठी ती इतकी वर्षं झुरली होती. पण आईकडे परत मागण्यासारखं काही नव्हतं. या मुलीचं मात्र एक पत्र होतं, एक सप्टेंबर होता. तो सप्टेंबर कुठे गेला हे एव्हिसला अगदी नीट माहीत होतं. तो तिच्या डब्यात गेला, तिच्या वेण्यांत गेला, गोवरात गेला, आणि विद्यापीठाच्या अर्जावर मावशीने शेजारी बसून सहा वेळा तपासलेल्या स्पेलिंगांत गेला.

शुक्रवारी सकाळी ती परत थिसलसरांच्या दारात उभी राहिली. बसली नाही.

"मी सही करून दिलेला शब्द मोडला सर. ती माझी मावशी आहे. आणि तुम्ही शब्द मोडलाय."

कुठलं वाक्य, हे थिसलसरांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

"मी ते कुठेही छापलं नाही," ते म्हणाले.

"तिने खोडायला सांगितलं होतं."

"हो." ते खिडकीकडे बघत होते. "दोनशे मुलाखती घेतल्या मी. लोक मला जे सांगायला हवं ते सांगत होते. एकटीच काय ते खरं बोलली. दर वर्षी ठरवायचो, या वर्षी पुसू. मग वाटायचं, हे एक वाक्य तरी राहू दे. मी गेल्यावर कोणी तरी..." ते थांबले. "म्हणजे राहिलं ते माझ्यासाठीच. त्यात दुसरं काही नाही."

"ते वाक्य माझ्याबद्दल आहे सर. ती पोर मी."

त्यांनी मान खाली घातली. मग उठून कपाटातून मूळ कॅसेट काढली, जुनं यंत्र काढलं, त्याची वायर भिंतीत लावली. संगणकावरून संग्रहातल्या प्रतीतला तेवढा भाग आधी पुसला, तिच्या देखत. मग कॅसेट यंत्रात घालून फीत पुढेमागे करत नेमकी जागा शोधली. "याच्यावर नवीन मुद्रण केलं की जुनं जातं," ते म्हणाले. "साधारण चाळीस सेकंद." बोट बटणावर ठेवून ते थांबले. "एकदा शेवटचं ऐकायचंय?"

तिला ऐकायचं होतं. ते वाक्य नव्हे. त्याच्या आधीचा तो श्वास, न अडकता आत गेलेला, पुरेसा. तसा श्वास मावशीच्या छातीत पुन्हा कधी जाणार नव्हता. "नको," ती म्हणाली. थिसलसरांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. यंत्र त्या खोलीतली शांतता मुद्रित करत होतं, म्हणून दोघं गप्प राहिले. खिडकीबाहेर कबुतर पंख झटकत होतं. दूर कुणीतरी दार लावलं. एव्हिसच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून धरलाय, आणि तिने तो हळूच सोडला. तोही फितीत गेला असेल. दिवा विझला. थिसलसरांनी तिची सही केलेला कागद खणातून काढला, क्षणभर हातात धरला आणि परत खणात ठेवला. दोघांचंही एकमेकांना काही देणं राहिलं नाही, असं तिला वाटलं. किंवा दोघांचंही राहिलं.

रविवारी मावशीच्या फोनची वाट न बघता तिनेच फोन लावला.

"काय झालं?" मावशीने विचारलं. "तू कशी?"

"काही नाही गं. तुझा आवाज ऐकला. वर्गात."

"माझा?"

"तू पंचवीस वर्षांची होतीस. एका माणसाला केक वाढत होतीस."

पलीकडे श्वास वाजला, शिट्टीसारखा. मग मावशी म्हणाली, "तो टोपीवाला मेला? तीन तुकडे खाल्ले त्याने." खोकला. "त्याने ठेवलंय ते?"

"अख्खा वर्ग हसला तुझ्या विनोदांना. मुकादमाची नक्कल केलीस तिला तर मी रडेपर्यंत हसले."

"अगं बाई." ती खूश झाली होती. मग तिचा आवाज उतरला. "एव्हिस. मी एक खोडायला सांगितलं होतं. खोडलं त्याने?"

"हो. तिथे नुसती खरखर आहे."

"कधी खोडलं?"

एव्हिसने कपाळ थंड काचेला टेकलं. "तेव्हाच असणार," ती म्हणाली.

"बरं झालं." श्वास. "वाईट काही नव्हतं. कोणाबद्दल तरी बोलले होते. खरं होतं ते." श्वास. "त्या दिवसापुरतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं."

एव्हिसने उत्तर दिलं असतं तर आवाजावरून मावशीला कळलं असतं. कदाचित कळलंही होतं. दोघी हजार कोस लांब फोन धरून बसल्या होत्या. मावशीच्या स्वयंपाकघरात भांडं उकळत होतं.

"पत्र आलं होतं तुझं," एव्हिस म्हणाली. "सेंट जॉन्सहून. काय शिकणार होतीस?"

"त्याने नाही विचारलं ते."

"मी विचारतेय."

"काय माहीत. विषयांची यादी आली होती. मोठीच्या मोठी. सगळी नावं पण कळत नव्हती." श्वास. "रोज वाचायची. कारखान्याच्या बाकावर बसून. खुणा करायची. मग खोडायची. जेवढं वाचलं तेवढंच शिक्षण." ती हसायला गेली आणि खोकला आला. एव्हिस तो संपेपर्यंत थांबली. घाई केली नाही, फोन कानापासून दूर धरला नाही.

"मावशी, पुढच्या सत्राचे विषय निवडायचेत मला. शनिवारपर्यंत. माझ्याकडे आत्ता यादी आहे. वाचू?"

"मला काय कळणार त्यातलं."

"नाही कळलं तर विचार. मलाही नाही कळत सगळं."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मावशी बसली.

"सावकाश वाच," ती म्हणाली.

एव्हिसने पुस्तिका उघडली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. नगरांचा समाजशास्त्रीय अभ्यास. कुटुंब आणि नातेसंबंध. लोकसंख्येचा इतिहास. प्रत्येक नावानंतर ती थांबायची आणि पलीकडून "हं" यायचं. आधी ते सगळे "हं" तिला एकसारखेच वाटायचे. आता कुठल्या नावाला मावशीचा आवाज जरा वर जातो आणि कुठल्या नावाला खाली, ते ती कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर मावशी म्हणाली, "थांब."

एव्हिस थांबली.

"हा शेवटचा," मावशी म्हणाली. "हा परत वाच. यात काय शिकवतात गं?"